झाड जिवाणूच्या ताब्यात गेलंय का? वाढीतले बदल बघून कसं ओळखायचं

शेतात झाड बिघडलेलं दिसलं की आपण सगळ्यात आधी दुकान गाठतो, 'काय मारू?' विचारतो आणि एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि वर एखादं टॉनिक अशी पिशवी घेऊन परत येतो. रोग बुरशीचा असेल तर त्यातलं काहीतरी लागू पडतं. पण रोग जिवाणूचा निघाला तर तांबं असलेली औषधं सोडली तर बाकीचं सगळं वाया जातं, आणि पैशापेक्षा मोठं नुकसान म्हणजे मधले आठ-दहा दिवस हातातून जातात आणि तेवढ्यात रोग पुढच्या ओळीत पोचलेला असतो.

माझं म्हणणं साधं आहे. जिवाणू झाडात शिरला की तो झाडाचं पाणी, साखर किंवा हार्मोन यातली एखादी गोष्ट स्वतःच्या सोयीने वळवून घेतो, आणि त्याने कशावर हात टाकलाय त्यानुसार झाडाची वाढ वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडते. पाण्याच्या नळ्या अडल्या तर एक रूप, अन्नाच्या नळ्या अडल्या तर दुसरं, हार्मोन बिघडले तर तिसरंच. ही रूपं ओळखता आली की कुठे उपटायचं, कुठे छाटायचं आणि कुठे फवारायचंच नाही हे बऱ्यापैकी बांधावरच ठरवता येतं.

सोबत काय घ्यायचं: धारदार चाकू, काचेचा पारदर्शक ग्लास आणि स्वच्छ पाणी, साधं भिंग, बॉलपेन, आणि चाकू पुसायला स्पिरिट. प्लॉटला दोनदा जा, एकदा ऊन चढायच्या आधी आणि एकदा दुपारी दोन-तीनच्या सुमारास. फक्त एका वेळेला बघून निष्कर्ष काढू नका, का ते पुढे येतंच.

हिरवंगार झाड अचानक मान टाकतं तेव्हा

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, आलं यांच्यात हे दिसतं. कालपर्यंत झाड छान होतं, आज दुपारी शेंडा लोंबतोय, पानं मात्र हिरवीच. संध्याकाळी पाणी दिलं, सकाळी बघितलं तर झाड परत उभं. आपण खूश होतो की पाणी कमी पडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच, आणि मग दोन-चार दिवसांत झाड उठतच नाही, हिरव्या हिरव्यातच वाळून जातं.

हा रालस्टोनिया सोलॅनेसिअरम नावाच्या जिवाणूचा मर रोग. अमेरिकेत अर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये याचं वर्णन केलं, आणि आज दोनशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर तो नोंदलेला आहे. जमिनीत राहतो, मुळाला जिथे जखम झालीय किंवा जिथून बाजूचं मूळ फुटतं तिथल्या बारीक फटीतून आत शिरतो आणि थेट पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत जाऊन बसतो. सुरुवातीला संख्या कमी असते तेव्हा तो गप्प असतो, पण एकमेकांना रासायनिक इशारे देत राहतो आणि पुरेशी गर्दी झाली की सगळे मिळून एक चिकट, लांब साखळीची साखर सोडायला लागतात. ठिबकच्या लॅटरलमध्ये शेवाळ साचून ड्रिपर बंद पडावेत तसं नळ्यांचं होतं, खाली जमीन ओली आणि वर पान तहानलेलं. मर लागलेल्या टोमॅटोच्या एक ग्रॅम खोडात दहा कोटींपेक्षा जास्त जिवाणू सापडतात, म्हणजे 'अचानक' मेलेलं झाड आतून बऱ्याच दिवसांपासून भरत आलेलं असतं.

आता वरची लक्षणं यातून कशी येतात ते बघा. पान हिरवं राहतं कारण पानातल्या पेशी आणि हरितद्रव्य अजून शाबूत आहे, फक्त पाणी येत नाही. रात्री उभं राहतं कारण रात्री पानातून बाष्प कमी उडतं आणि अर्धवट बंद नळ्यांतून येणारं थोडंसं पाणी तेवढ्यापुरतं पुरतं. म्हणून सकाळ आणि दुपार दोन्ही बघायला सांगितलं. अजून एक खूण अशी की टोमॅटोच्या खोडावर जमिनीच्या वरच्या भागात मुळांचे बारीक फोड उठतात आणि पानांचे देठ खाली वाकतात. झाडात इथिलीन नावाचा वायुरूप हार्मोन वाढला की असं होतं आणि या रोगात तो वाढतो.

बुरशीची मर, म्हणजे फ्युजेरियमची, वेगळी चालते. तिथे खालची पानं आधी पिवळी पडतात, बऱ्याचदा झाडाच्या एकाच बाजूची, आणि सगळं हळूहळू आठवडे घेत होतं. पण नुसत्या नजरेवर जाऊ नका कारण खोड उभं चिरलं तर दोन्हीकडे आत तपकिरी रेघा दिसतात. खरी परीक्षा ग्लासातली.

ती अशी करा. नुकतंच मान टाकलेलं झाड निवडा, पूर्ण वाळलेलं नको. जमिनीलगतचा खोडाचा बोटभर तुकडा कापा, कड स्वच्छ आणि ताजी हवी. ग्लासात पाणी भरा, तुकडा काडीला किंवा चिमट्याला असा लटकवा की कापलेलं तोंड पाण्यात जेमतेम बुडेल, आणि ग्लास अजिबात हलवू नका. मागे काळा कागद किंवा काळा मोबाईल धरा. रालस्टोनिया असेल तर काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाच्या बारीक धाग्यासारखं काहीतरी सरळ खाली उतरताना दिसतं. तोच तो चिकट पदार्थ आणि त्यातले जिवाणू. बुरशीच्या मरीत हे धागे येत नाहीत. पहिल्या तुकड्यात नाही दिसलं तर दुसऱ्या झाडाचा घेऊन बघा, आणि झाल्यावर ते पाणी शेतात ओतू नका, उकळून टाका.

आल्यात जरा घोळ होतो. साताऱ्याकडे आणि मराठवाड्यात आलं लावणारे सगळे याला सरसकट कंदकूज म्हणतात, पण कंदकूज बुरशीसारख्या पिथियमनेही होते आणि रालस्टोनियानेही. कंद कापून दाबला आणि दुधट चिकट द्रव आला तर जिवाणू, आणि मग बुरशीनाशकाची आळवणी करून उपयोग नाही. आल्यात रोग मुख्यतः बेण्यातून येतो, म्हणून ज्या प्लॉटला हे झालं तिथलं बेणं कितीही चांगलं दिसलं तरी ठेवू नका. विकूही नका, दुसऱ्याच्या शेताचं वाटोळं होतं.

धागे दिसल्यावर काय? त्या झाडाला वाचवणारं औषध नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. झाड मुळासकट, आजूबाजूच्या मातीसकट पिशवीत भरून बाहेर काढा, ओढत नेऊ नका. पाटाने पाणी देत असाल तर त्या सरीचं पाणी थांबवा कारण जिवाणू पाण्याबरोबर पुढच्या झाडाला जातो, ठिबक असेल तर हा धोका बराच कमी. त्या भागात खुरपणी टाळा, मुळांना जखमा होतात. मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा कारण सूत्रकृमीच जिवाणूला दार उघडून देतात. पुढच्या हंगामात तिथे टोमॅटो-वांगी-मिरची-बटाटा यांपैकी काहीच नको, ज्वारी, मका किंवा भात घ्या. कोकणात आणि गोव्यात तांबड्या, आम्ल जमिनीत आणि दमट हवेत हा रोग फार, तिथे पहिल्यापासूनच सहनशील वाण किंवा जंगली वांग्याच्या खुंटावरची कलमी रोपं लावणं हाच शहाणपणा. टोमॅटोत बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा हायब्रिड लीफ कर्ल, जिवाणू मर आणि लवकर येणारा करपा अशा तिन्हींना प्रतिकारक म्हणून आलेला आहे. सहनशील म्हणजे अजिबात न होणारा असं समजू नका, पण फरक पडतो.

पानावर ओला, तेलकट डाग

सोलापूर, नाशिक, सांगली भागात तेल्या म्हटलं की डाळिंबवाल्यांच्या पोटात गोळा येतो. रोगाची भारतातली पहिली नोंद १९५२ मधली, दिल्लीची. जिवाणू झँथोमोनास गटातला. या रोगाने इतक्या बागा उपटायला लावल्या की सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या कामात तो कायम वरच्या क्रमांकावर राहिला.

डाग तेलकट का दिसतो हे समजून घ्या कारण ओळखायची किल्ली तिथेच आहे. निरोगी पानाच्या आत पेशींच्या मधे हवेच्या मोकळ्या जागा असतात. झँथोमोनास आणि त्याच्यासारखे जिवाणू पर्णरंध्रातून किंवा जखमेतून या जागांत शिरतात, पेशीला सुईसारखी एक नळी लावतात आणि तिच्यातून स्वतःची प्रथिनं आत सोडतात. ती प्रथिनं झाडाची जनुकं पाहिजे तशी चालू करतात. कापसाच्या जिवाणू करप्यात आणि भाताच्या कडा करप्यात शास्त्रज्ञांना सापडलंय की हे जिवाणू पेशीतून साखर बाहेर सोडणारी दारं उघडायला लावतात. साखर बाहेर आली की तिच्या मागे पाणी येतं, हवेच्या जागेत पाणी भरतं आणि जिवाणूला खायला-प्यायला दोन्ही मिळतं. हवेऐवजी पाणी भरलेलं पान उजेडाला धरलं तर अर्धपारदर्शक दिसतं, कागदावर तेल सांडल्यासारखं.

तर करायचं काय, सकाळी दव असताना संशयित पान तोडा आणि सूर्याकडे धरून खालच्या बाजूने बघा. डागाच्या कडेला चमकणारी ओली किनार दिसली तर जिवाणूचा संशय घट्ट. बुरशीच्या डागात कड कोरडी असते आणि भिंगाखाली बऱ्याचदा गोल वलयं किंवा काळे ठिपके दिसतात. दुपारी बारा वाजता हा प्रयोग फसतो, पान कोरडं पडलेलं असतं. खात्री करायची असेल तर डागाच्या कडेचा बारीक तुकडा घेऊन कृषी विज्ञान केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, पाण्याच्या थेंबात कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोट बाहेर येताना स्पष्ट दिसतो.

डाळिंबात रोग पानावर थांबत नाही, पेऱ्यावर जातो, तिथे काळपट खोलगट डाग पडून फांदी गोलाकार कापल्यासारखी होते आणि वाऱ्याने मोडते. फळावर डाग वाढला की साल इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी तडकते. फळ आतून चांगलं असलं तरी बाजारात त्याला कोण विचारतं.

इथे फवारणीला अर्थ आहे, पण मर्यादित. तांबं पानाच्या बाहेर बसून नवीन जिवाणूला आत जाऊ देत नाही, आत गेलेल्याला ते काही करत नाही. म्हणून आधी छाटणी: डागाच्या खाली दोन इंच निरोगी भाग धरून कापा, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा, तुकडे बागेतच पडू देऊ नका, जाळून टाका. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो. मोरचूद १ किलो, चांगला कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये विरघळवा, लोखंडी भांडं वापरू नका, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ढवळत ओता. लोखंडी चाकूचं पातं त्यात मिनिटभर बुडवा, पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे, अजून चुना घाला नाहीतर पालवी करपेल. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी फवारा.

आणि मुख्य गोष्ट बहाराची. जिवाणूला उष्णता आणि ओलावा दोन्ही लागतं, पावसाच्या थेंबाबरोबर तो उडून शेजारच्या पानावर जातो. मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या फुलोऱ्यात, सगळी कोवळी पालवी आणि फळं नेमकी त्याच काळात असतात. तेल्या असलेल्या बागेत मृग सोडून हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना येणारा फुलोरा, धरा, झाडाला मधे तीन-चार महिने विश्रांती द्या. स्ट्रेप्टोसायक्लिनसारखी अँटिबायोटिक मारायची सवय सोडा असं माझं स्पष्ट मत आहे, जिवाणू त्याला सरावतो आणि ती माणसांच्या औषधांच्याच कुळातली आहेत. आणि युरिया ओतू नका, लुसलुशीत वाढ म्हणजे जिवाणूला मोकळं रान.

कागदी लिंबाचा खैऱ्याही याच गटातला पण रूप वेगळं: तिथे जिवाणूचं प्रथिन झाडाचं असं जनुक चालू करतं की पेशी फुगतात आणि वाढतात, म्हणून डाग सपाट न राहता खरखरीत, खपलीसारखा वर येतो. पानाला नागअळीने केलेल्या वाटा असतील तर खैऱ्या तिथूनच शिरतो, त्यामुळे नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, नागअळी आवरली की अर्धं काम होतं.

पिवळेपणा जो दोन्ही बाजूंना सारखा नाही

आता विदर्भाकडे. संत्र्याचं झाड पिवळं पडतंय, जस्ताची फवारणी केली, फेरसची केली, फरक नाही. अशा वेळी बॉलपेन काढा.

पान तळहातावर ठेवा. मधल्या शिरेच्या एका बाजूला पेनने छोटा गोल काढा आणि दुसऱ्या बाजूला बरोबर समोर तेवढाच गोल. जस्त किंवा लोह कमी असेल तर दोन्ही गोलांत रंगाची ठेवण सारखी दिसते, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी. सिट्रस ग्रीनिंगमध्ये एका गोलात हिरवं आणि समोरच्यात पिवळं असं बेंगरूळ दिसतं, पिवळे चट्टे शिरांना न जुमानता पसरतात. एका पानावर नाही, वेगवेगळ्या फांद्यांची वीसेक पानं बघा. एकाच फांदीवर पिवळेपणा आणि बाकी झाड हिरवं असेल तर संशय वाढतो. फळ कापून बघा, मधला दांडा वाकडा, फळ एका बाजूला लहान, बिया काळ्या पडून पोचट.

हे असं का होतं? लिबेरिबॅक्टर नावाचा जिवाणू पानात तयार झालेली साखर मुळांकडे नेणाऱ्या नळ्यांत राहतो. झाड त्याला विरोध म्हणून स्वतःच त्या नळ्यांच्या चाळण्यांत कॅलोज नावाचा पदार्थ भरतं, आणि या विरोधात झाडाचंच जास्त नुकसान होतं. साखर पानातच अडकते, तिचा स्टार्च होऊन पान जाड, ताठ होतं आणि हरितद्रव्य मोडतं. इकडे मुळं उपाशी. वरून झाड आजारी दिसायच्या आधीच खाली बारीक मुळं मरायला लागलेली असतात, म्हणून वरून कितीही खत टाकलं तरी उचललं जात नाही. रोग लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक महिने, कधी वर्षंही जातात.

स्टार्च साठतो यावरूनच एक घरगुती चाचणी निघालीय. पॉलिश पेपरचा छोटा तुकडा घेऊन संशयित पानाच्या पृष्ठभागावर जोरात घासा, तो तुकडा छोट्या पारदर्शक पिशवीत थोड्या पाण्यात चुरा आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. पाणी काळपट निळं झालं तर स्टार्च खूप आहे. निरोगी झाडाचं तेवढ्याच वयाचं पान शेजारी दुसऱ्या पिशवीत करून तुलना करा, त्याशिवाय रंगाला अर्थ नाही. आणि ही फक्त चाळणी आहे, फांदीला साल सुटलेली किंवा तार आवळलेली असेल तरी स्टार्च साठतो. पक्कं उत्तर पीसीआरनेच, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीनेच मिळतं. बुंध्याला डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळणारा रोग, आहे का हेही बघा कारण ऱ्हास त्यानेही होतो आणि उपाय पूर्ण वेगळा आहे.

जिवाणू पसरतो सिट्रस सायला नावाच्या बारीक किडीमार्फत, जी नवतीवर शेपटाकडचा भाग वर करून तिरकी बसलेली दिसते, आणि रोगट झाडाच्या डोळ्यांपासून केलेल्या कलमांमार्फत. तेव्हा दोनच गोष्टी खऱ्या: नवती फुटताना सायला आवरणं आणि कलमं खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घेणं. स्वस्त कलमांच्या नादात पुढची वीस वर्षं घालवू नका. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला, आणि त्यानंतर हा रोग आणि चक्रीवादळं मिळून तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून जास्त खाली आलं. तिथे पैसा आणि संशोधन आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, तरीही.

झाडाचा आकारच बदलला तर

वांग्याच्या प्लॉटमध्ये एखादं झाड असं दिसतं की पानं नखाएवढी, कांड्या आखूड, सगळं झाड झुडपासारखं गच्च आणि फूल-फळ काही नाही. याला बोकड्या किंवा पर्णगुच्छ म्हणतात आणि जुन्या माहितीपत्रकांत अजूनही विषाणूजन्य लिहिलेलं सापडतं. खरं तर हा फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू. १९६७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुतीच्या खुज्या झाडात तो पहिल्यांदा ओळखला, तोवर अशा सगळ्या रोगांना विषाणूच धरलं जात होतं.

याचं काम बघून मला दर वेळी थक्क व्हायला होतं. फायटोप्लाझ्माला स्वतःहून दुसऱ्या झाडावर जाता येत नाही, तुडतुडा लागतो. अॅस्टर यलोज गटातल्या फायटोप्लाझ्मावर झालेल्या अभ्यासात दिसलं की त्याचं एक प्रथिन झाडाच्या वाढीचं नियंत्रण मोडतं, त्यामुळे बारीक पानांच्या खूप फांद्या फुटतात, आणि त्याच वेळी किडीविरुद्ध झाड जे जॅस्मोनिक आम्ल बनवतं ते कमी होतं, त्यामुळे तुडतुडे त्या झाडावर जास्त अंडी घालतात. दुसरं एक प्रथिन फुलाच्या जागी पानं आणतं. तिळात बोंडाऐवजी हिरव्या पानांचा झुपका दिसतो तो याच प्रकारातला रोग. म्हणजे झाड स्वतःचं बी बनवायचं सोडून किडीसाठी कोवळा पाला बनवत बसतं.

इथे उपाय म्हणजे दिसलं की त्याच दिवशी उपटा. 'बघू, फळ धरेल' म्हणून ठेवलेलं एक झाड सगळ्या प्लॉटला तुडतुड्यांमार्फत वाटत राहतं. तुडतुड्यांचा बंदोबस्त रोपवाटिकेपासून करा. मात्र तुरीचं झाड हिरवंगार, फुलं-शेंगा नाहीत आणि पानं लहान, तर तो वांझ रोग, विषाणूचा आणि कोळ्यांमार्फत पसरणारा, तिथे हे गणित लावू नका.

उसातली गवताळ वाढ पण फायटोप्लाझ्माची. बेटात दोरीसारखे बारीक फुटवे, पानं फिकट ते पांढरी, गाळपालायक ऊस नाही, आणि खोडव्यात जास्त. ते बेट खणून काढा आणि त्या प्लॉटचं बेणं वापरू नका.

गाठींचं प्रकरण वेगळं. गुलाब, द्राक्ष अशा झाडांच्या बुंध्याशी किंवा कलमाच्या जोडावर खरखरीत, टणक गाठ वाढते, ती अॅग्रोबॅक्टेरियमची. १९०७ मध्ये स्मिथ आणि टाउनसेंड यांनी हा जिवाणूच कारण असल्याचं दाखवलं. तो जखमेतून येतो आणि स्वतःच्या डीएनएचा तुकडा थेट झाडाच्या पेशीच्या डीएनएत बसवतो. त्या तुकड्यात ऑक्झिन आणि सायटोकायनिन हे वाढीचे हार्मोन बनवायची जनुकं असतात, म्हणून पेशी बेसुमार वाढतात, आणि शिवाय ओपाइन नावाचं खाद्य बनवायची, जे मुख्यतः तोच जिवाणू खाऊ शकतो. एकदा तुकडा बसला की जिवाणू मेला तरी गाठ वाढतच राहते, म्हणून गाठीवर औषध चोपडून काही होत नाही. शास्त्रज्ञांनी हीच युक्ती उचलून पिकांत हवी ती जनुकं घालायला वापरली, आणि २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीतलं जनुकही याच जिवाणूमार्फत बसवलेलं होतं.

गाठ दिसली की आधी खात्री करा. बारीक मुळांवर मण्यांसारख्या फुगवट्या, मूळच जाड झालेलं, तर सूत्रकृमी. सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळाला बाजूला चिकटलेली, नखाने सहज निघणारी आणि कापल्यावर आत गुलाबी, तर ती रायझोबियमची, नत्र देणारी, तिला हात लावू नका. बुंध्याशी लाकडासारखी खरखरीत गाठ असेल तरच अॅग्रोबॅक्टेरियम. अशी रोपं रोपवाटिकेतून आणायचीच नाहीत, लावताना बुंधा आणि मुळं उघडी करून बघा. कलम करताना, छाटताना अवजार निर्जंतुक करा आणि जोड जमिनीच्या वर ठेवा.

काहीच दिसत नाही, पण वाढ नाही

सगळ्यात फसवा प्रकार हाच. उसाचा खोडवा खुजा राहणं हा रोग १९४४-४५ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये पहिल्यांदा लक्षात आला. लायफ्सोनिया नावाचा जिवाणू पाण्याच्या नळ्यांत राहतो, पानावर डाग नाही, मर नाही, नुसती कांडी आखूड आणि ऊस बारीक. आपण म्हणतो जमीन थकली. पक्व उसाची कांडी पेऱ्यापाशी उभी तासली तर कधी कधी पेऱ्यात नारिंगी-लाल बारीक ठिपके दिसतात, पण नेहमी नाही, त्यामुळे ठिपके नाहीत म्हणजे रोग नाही असं समजू नका.

वाढ का थांबते याचं एक कारण पाण्याचं, दुसरं झाडाच्या स्वतःच्या निवडीचं. जिवाणूची चाहूल लागली की झाड वाढीवरचा खर्च कमी करून बचावावर लावतं. हे प्रयोगशाळेत अगदी छोट्या रोपांवरही दिसतं, जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा नुसता तुकडा दिला तरी रोपाची वाढ मंदावते. अशा झाडाला टॉनिक देऊन पळवता येत नाही.

उसात उपाय बेण्यातच आहे. ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दोन तास बेणं प्रक्रिया हा या रोगावरचा जुना उपाय आहे, तापमान दोन अंश वर गेलं तर डोळे मरतात आणि खाली राहिलं तर जिवाणू वाचतो, म्हणून हे घरच्या पातेल्यात करायचं काम नाही, कारखान्याच्या किंवा संशोधन केंद्राच्या सोयीवर करा. नाहीतर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणच्या ऊतिसंवर्धित रोपांपासून सुरू करून त्रिस्तरीय बेणेमळा, म्हणजे मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशी साखळी गावात धरा. आणि कोयता: रोग एका उसाकडून दुसऱ्याकडे कोयत्याच्या पात्यावरून जातो. बेणं तोडताना तरी दर काही उसांनंतर पातं निर्जंतुक करायला माणसांना सांगा, त्यांना कारण समजावून सांगितलं की ती करतात.

नमुना तपासायला पाठवताना

एवढं करूनही शंका राहिली तर कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना द्या, पण नीट द्या. मेलेलं झाड देऊ नका, त्यात कुजवणारे दुसरेच जिवाणू भरलेले असतात आणि खरा रोगकारक सापडत नाही. नुकतीच लक्षणं दिसायला लागलेली दोन-तीन झाडं मुळासकट, आणि सोबत त्याच प्लॉटमधलं एक निरोगी झाड. वर्तमानपत्रात गुंडाळा, ओल्या प्लास्टिकमध्ये बांधू नका, दोन दिवसांत सडतं. मुळं मातीसकट वेगळ्या पिशवीत बांधा म्हणजे माती पानांना लागत नाही. चिठ्ठीवर पीक, वाण, लागवडीची तारीख, आधीचं पीक, पाणी कसं देता, गेल्या पंधरा दिवसांत काय काय फवारलं आणि शेतात रोग कुठून सुरू झाला हे लिहा. शेवटची गोष्ट लोक नेहमी विसरतात, पण पाण्याच्या वाटेने ओळीत पसरतोय की इकडेतिकडे एकेक झाड पकडतोय यावरून तपासणाऱ्याला अर्धं उत्तर मिळतं. फोटो पाठवायचा असेल तर एक जवळून, एक पूर्ण झाडाचा आणि एक बांधावर उभं राहून सगळ्या प्लॉटचा पाठवा. शुक्रवारी दुपारी नमुना पाठवू नका, शनिवार-रविवार तो टेबलावर पडून खराब होतो, सोमवारी सकाळी झाड काढून त्याच दिवशी पोचवा.